गॉज किती ओला असावा

उद्या सकाळी सातची ड्यूटी असूनही मागच्या रांगांमध्ये येऊन बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो आणि विद्यार्थ्यांनो,

ज्या बाईंच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या मेट्रन होत्या. त्यांच्यासमोर मी आयुष्यात दोनच वाक्यं बोलले. एक 'येस मॅडम' आणि दुसरं 'सॉरी मॅडम'. आज त्यांच्याच स्मरणार्थ पाऊण तास बोलायचं म्हणजे धाकधूक आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'मरणाऱ्या माणसाची शुश्रूषा आणि नर्सिंगचे विद्यार्थी' असं कळवलं. फोनवर पलीकडे जरा वेळ कुणीच बोलेना. मग ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, थोडं पॉझिटिव्ह काही जमेल का?" जमलं की नाही ते तुम्ही मला चहाच्या वेळी सांगा.

सुरुवात माझ्यापासून करते. साल 1978. मी नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते, वय 19. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, 40 खाटा आणि खाली जमिनीवर आणखी दहाबारा गाद्या. नाइटला एक स्टाफ सिस्टर, एक मी आणि एक मावशी. कोपऱ्यातल्या खाटेवर कोकणातले एक गिरणी कामगार होते. लिव्हरचा आजार, पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे हळदीसारखे. गावाकडून कुणी यायचं होतं, ते पोचलं नव्हतं. रात्री दोनच्या सुमाराला मी त्यांच्या खाटेवरून जाताना त्यांनी माझ्या एप्रनचं टोक धरलं आणि म्हणाले, "बाय, वायच बस गो."

मी म्हटलं, "आले हं बाबा." आणि गेले. पहाटे पाचला घ्यायचं टीपीआर, म्हणजे तापमान, नाडी, श्वास, मी दोन वाजता घ्यायला सुरुवात केली. झोपलेल्या माणसांना उठवून त्यांच्या काखेत थर्मामीटर लावले. चार्ट भरले. औषधांची ट्रॉली पुसली. पावणेचारला परत गेले तेव्हा ते गेले होते.

आणि मग मला सगळं येत होतं! पडदा ओढायचा, उशी काढायची, हातपाय सरळ करायचे, ओल्या कापसानं पापण्या मिटायच्या, हनुवटीला पट्टी, पायांचे अंगठे एकत्र बांधायचे, कापूस कुठे कुठे भरायचा, चिठ्ठी कुठे लावायची, अंगावरच्या चीजवस्तूंची यादी करून कुणाची सही घ्यायची. आमच्या प्रोसीजर बुकात या सगळ्याला 'लास्ट ऑफिस' म्हणत आणि त्याला चांगली दोन पानं दिलेली होती. प्रॅक्टिकल परीक्षेला मी त्यात पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. दोन वाजल्यापासून पावणेचारपर्यंत काय करायचं, त्याबद्दल त्या पुस्तकात एक ओळ नव्हती.

त्या रात्री मी घाबरले होते, हे खरं. पण कशाला, हे मला पुढे शिकवायला लागल्यावर कळलं. प्रेताला मी घाबरले नाही, त्याला हात लावायला मी जराही कचरले नाही. मी घाबरले ते 'बस' या शब्दाला. बसून काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिवाय आमच्या मेट्रनबाईंच्या राज्यात ड्यूटीवर बसलेली नर्स म्हणजे कामचुकार नर्स. वॉर्डात खाटेशेजारी स्टूल नसायचंच.

पुढे कळलं की हे काही फक्त आमच्या वॉर्डाचं नव्हतं. इझाबेल मेंझीस नावाच्या मनोविश्लेषक बाईंनी 1950 च्या दशकात लंडनच्या एका मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलातल्या नर्सिंगचा अभ्यास केला. तिथल्या कितीतरी शिकाऊ नर्सेस कोर्स अर्धवट सोडून जात होत्या. त्यांना दिसलं ते असं: तिथं काम इतके तुकडे करून वाटलेलं होतं की कुठल्याही नर्सला कुठल्याही एका माणसाजवळ फार वेळ राहावंच लागू नये. एकीनं सगळ्यांची तापमानं घ्यायची, दुसरीनं सगळ्यांचे बेडपॅन द्यायचे. पेशंटला नावानं नव्हे तर खाटेच्या नंबरानं आणि बिघडलेल्या अवयवानं ओळखायचं. दुःख आणि धास्ती अंगावर येऊ नये म्हणून संस्थेनं बांधलेली ती भिंत होती, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की त्या भिंतीमुळे धास्ती कमी होत नव्हती, मुली मात्र कोर्स सोडत होत्या. माझं दोन वाजताचं टीपीआर म्हणजे त्या भिंतीची एक वीट.

अमेरिकेत जीन क्विंट ही स्वतः नर्स असलेली संशोधक कॅलिफोर्नियात नर्सिंगच्या विद्यार्थिनींबरोबर फिरली. तिचं पुस्तक 1967 साली आलं. जीव वाचवायला कसं धावायचं हे शाळा पद्धतशीर शिकवतात, मरणाऱ्या माणसाची गाठ मात्र योगायोगावर सोडून देतात, हे तिनं दाखवलं. ज्या मुलीच्या वाट्याला ती खाट आली तिच्या वाट्याला ती गाठ आली.

आता आपल्याकडे या. आमच्या वॉर्डात माणूस मरत नाही, तो 'एक्स्पायर' होतो, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखा. मराठीत शब्द नाहीत म्हणावं तर वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, नुसती रेलचेल आहे. पण हे सगळे मेल्यानंतरचे शब्द. माणूस मरत असतानाचे शब्द आपल्या आज्यांकडे होते. 'ऊर्ध्व लागला' म्हणायच्या त्या, म्हणजे श्वास वरच्या वर चालू झाला. 'नाक थंड पडलं', 'नखं काळवंडली', 'आता खाली घ्या', म्हणजे खाटेवरून भुईवर. माझ्या आजीला या खुणा वाचता यायच्या. तिच्या आळीत कुणाचं अवघड झालं की तिला बोलावणं यायचं आणि ती वाटीत पाणी घेऊन उशाशी जाऊन बसायची. आज नर्सिंगला येणाऱ्या 18 वर्षांच्या मुलीनं आजोबांना शेवटचं पाहिलेलं असतं ते आयसीयूच्या काचेतून, नाहीतर थेट अंगणात. मध्यंतरी एका बॅचला मी 'घरघर' या शब्दाचा अर्थ विचारला. एक मुलगी उठून आत्मविश्वासानं म्हणाली, "मॅडम, साखर कारखान्याला लागते ती." सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण मग फळ्यावर शिकवायला घेतलं. माणसाला खोकून किंवा गिळून टाकायची ताकद राहत नाही, घशात स्राव साचतो आणि श्वासाबरोबर वाजतो, ती घरघर. त्या वेळी पेशंट बहुधा शुद्धीवर नसतो. त्रास होतो तो ऐकणाऱ्याला. घशात खोल सक्शनची नळी घालून काही साधत नाही, उलट माणूस तळमळतो. कुशीवर वळवावं, डोकं जरा उंच करावं, गरज पडली तर स्राव कमी करणारं इंजेक्शन असतं. आणि लेकाला बाजूला घेऊन आधीच सांगावं, "दादा, थोड्या वेळानं श्वास मध्येच थांबेल, परत सुरू होईल, परत थांबेल. घाबरून छाती दाबू नका." एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पण ते सांगायला ती मुलगी खाटेपाशी असावी लागते.

विद्यार्थ्यांचा मरणाऱ्या माणसाच्या शुश्रूषेकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोजायची एक पट्टी आहे. कॅथरिन फ्रॉमेल्ट या अमेरिकन नर्सनं 1991 साली ती प्रसिद्ध केली. त्यात 30 विधानं असतात आणि प्रत्येकापुढे पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत अशा पाच पायऱ्या. कमीत कमी 30 गुण, जास्तीत जास्त 150. जगभर ही पट्टी वापरतात. हॉस्पिसच्या प्रशिक्षणाआधी आणि नंतर फॉर्म भरून घ्यायचा, गुण वाढले की प्रबंध तयार! गुण वाढतातही. देशोदेशीच्या अभ्यासांत बहुतेक वेळा वाढलेले दिसतात, आमच्याकडेही वाढायचे. मी या मोजणीची चेष्टा करत नाही. मोजलं नसतं तर अभ्यासक्रमात तास मागायला तोंड राहिलं नसतं. पण महाराष्ट्रात या पट्टीला एक वेगळाच अडसर आहे, तो म्हणजे आपण मरणाबद्दल फार छान बोलतो. संतांच्या भूमीतली पोरं. सातवी-आठवीपासून निबंधात मृत्यू हे अटळ सत्य आहे, देह नश्वर आहे, आत्मा वस्त्र बदलतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. हॉस्पिसमध्ये पहिले तीन दिवस ती दाराच्या चौकटीतून आत आली नाही. आणि जिनं 'मला वास येतो, मला पळून जावंसं वाटतं' असं दोन ओळींत खरडलं होतं, तिची गोष्ट थोड्या वेळानं सांगते.

त्याआधी हॉस्पिस म्हणजे काय, हे मागच्या रांगेसाठी. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांना ते माहीत आहे असं धरून चालते, आणि नसेल तर त्यांनी मागच्यांकडून समजून घ्यावं.

सिसिली सॉन्डर्स यांना आज सगळे डॉक्टर म्हणून ओळखतात. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं. पाठीच्या दुखण्यानं नर्सिंग सुटलं, म्हणून त्या हॉस्पिटलातल्या समाजसेविका झाल्या. तिथं त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटर, वय 40 च्या आसपास, कॅन्सर झालेला, परक्या शहरात एकटा. त्या त्याच्याजवळ जाऊन बसायच्या. मरणाऱ्या माणसासाठी कसलं घर असावं यावर दोघं बोलायचे. 1948 साली तो गेला तेव्हा त्यानं त्यांच्या नावे 500 पौंड ठेवले, होऊ घातलेल्या त्या घराची एक खिडकी व्हावी म्हणून. घराचा पत्ता नव्हता, खिडकीचे पैसे मात्र आधी आले! सॉन्डर्स मग सेंट ल्यूक्स नावाच्या एका जुन्या आश्रमात संध्याकाळी नर्स म्हणून फुकट काम करायला जाऊ लागल्या. तिथं दुखणं असह्य होण्याची वाट न पाहता घड्याळ लावून मॉर्फिन द्यायची पद्धत होती. हे सगळीकडे व्हायला हवं असं त्यांना वाटलं, तेव्हा ज्या सर्जनकडे त्या काम करत त्यानं सांगितलं, आधी डॉक्टर व्हा, नर्सचं कुणी ऐकणार नाही. त्या वयाच्या तिशीत मेडिकलला गेल्या आणि 1957 साली डॉक्टर झाल्या. टास्माच्या खिडकीभोवती सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं ते 1967 साली. 19 वर्षं. त्या सर्जनचा सल्ला व्यवहारी होता, यात वाद नाही. पण मी तो विद्यार्थिनींना सांगते तेव्हा वर्गात ज्या तऱ्हेची शांतता होते ती तुम्ही ऐकायला हवी.

सॉन्डर्सबाईंचं 1963 सालचं व्याख्यान अमेरिकेत येल विद्यापीठात फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी ऐकलं. वॉल्ड तिथल्या नर्सिंग स्कूलच्या डीन होत्या. पुढे त्यांनी ती खुर्ची सोडली, हे काम शिकून घेतलं, आणि 1974 साली कनेटिकटमध्ये अमेरिकेतलं पहिलं आधुनिक हॉस्पिस सुरू झालं. व्याख्यानं ऐकून कुणी काही करतं यावर माझा फारसा विश्वास नाही, पण हे एक उदाहरण आहे खरं.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. शांती अवेदना सदन, डॉ. लुईस डिसूझा यांनी काढलेलं. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. टाटा हॉस्पिटलात 1996 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, विभाग आला, 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र. केरळात कोझिकोडला 1993 पासून डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. पेशंटला केंद्रात आणण्यापेक्षा नर्स त्याच्या घरी जाईल आणि आळीतले लोक तिच्यामागे उभे राहतील. 2008 साली तर तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं. आपण महाराष्ट्रात केरळच्या सिस्टर आयात केल्या, ही पद्धत नाही केली.

आणि मॉर्फिन. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, ती औषधासाठी परदेशी जाते, आणि इथला कॅन्सरचा पेशंट उशी चावत मरतो, अशी वर्षं आम्ही पाहिली आहेत. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांचं असं जाळं विणलं की बहुतेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. 2014 साली कायदा सुधारला, मॉर्फिनसारख्या औषधांना आवश्यक म्हणून वेगळं काढलं, परवाने सुटसुटीत झाले. पण मधल्या तीस वर्षांत डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या दोन पिढ्या मॉर्फिन न हाताळता शिकून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना शिकवलेलं काय, तर 'सवय लागते' आणि 'श्वास बंद पडतो'. त्यांनीच मग पुढच्यांना शिकवलं. हॉस्पिसमध्ये आमच्या मुली पहिल्यांदा पाहतात की पांढरी छोटी 10 मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, दुखायला लागायच्या आधी देतात, बरोबर बद्धकोष्ठतेचं औषध न चुकता असतं, आणि काल ज्याला कूस बदलता येत नव्हती तो माणूस आज पलंगावर बसून पेपर मागतोय. हे डोळ्यांनी पाहिलेली मुलगी पुन्हा 'सवय लागेल' म्हणत नाही. माझ्या मते वृत्ती बदलते ती इथं. मरणावरच्या चिंतनाआधी माणसाचं दुखणं थांबवता येतं हे हाताला कळावं लागतं.

आता ती दोन ओळी खरडणारी मुलगी. हिंगोलीकडची होती. तिच्या वाट्याला एक आजी आल्या, मावळातल्या, वय 70 च्या पुढे. आयुष्यभर मिश्री लावलेली. गालाचा कॅन्सर आतून बाहेर फुटलेला, गालाला रुपयाएवढं भोक. वास खोलीच्या बाहेर कॉरिडॉरपर्यंत. मुलीनं पहिल्या दिवशी दोन मास्क लावले. तिथल्या सिस्टरनं तिला बाहेर नेऊन एक मास्क काढायला लावला. म्हणाली, "त्यांना डोळे आहेत ना अजून?" मग शिकवलं. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायची. जुनं ड्रेसिंग ओढायचं नाही, सलाइननं भिजवून सुटू द्यायचं, नाहीतर रक्त येतं. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर भुरभुरायची, दोन-तीन दिवसांत वास उतरतो. खोलीत वाटीत कॉफीची पूड ठेवायची. चौथ्या दिवशी वास खरंच खोलीपुरता उरला आणि आजींची सून, जी दारात उभी राहून बोलायची, ती पलंगावर येऊन बसली. हे त्या मुलीनं पाहिलं. तिच्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: 'सून बसली.'

पाचव्या दिवशी आजींनी तिच्याकडे मिश्री मागितली.

आमच्या मुलींना पहिल्या वर्षापासून आरोग्यशिक्षण द्यायची सवय. गावात पोस्टर घेऊन जातात, तंबाखूचे दुष्परिणाम सांगतात, त्याला मार्क असतात. ही उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तंबाखूनं कॅन्सर होतो." आजींनी तिच्याकडे पाहिलं. बोलायला फार त्रास व्हायचा त्यांना, तरी बोलल्या. "व्हय? मंग आता काय हुईल मला पोरी, क्यान्सर?" आणि हसल्या. हसताना गाल दुखला, तो हातानं धरला आणि पुन्हा हसल्या.

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच सांगता येईना. मी तिला काही उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. सिस्टरनं सुनेला सांगून घरून आजींची डबी मागवली. तोंडात बोट घालायची सोय राहिली नव्हती. आजी झाकण उघडायच्या, वास घ्यायच्या, झाकण लावायच्या आणि डबी उशीखाली ठेवायच्या. दिवसातून दहा वेळा. मुलगी ड्रेसिंग झालं की तिथंच बसायची, आजी तिला मावळातल्या भातलावणीचं काहीबाही सांगायच्या, निम्मं कळायचं नाही.

आजी गेल्या त्या सकाळी ही ड्यूटीवर होती. लास्ट ऑफिस तिनं केलं, नीट केलं. मग यादी घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, ती डबी व्हॅल्युएबल्समध्ये लिहायची का?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? तिनं मंगळसूत्राच्या खाली लिहिलं: 'पत्र्याची छोटी डबी, 1.' सुनेनं सही करताना आधी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

या मुलीचा फॉर्म नंतर मी पुन्हा भरून घेतला. 'मला वास येतो' तिनं तसंच ठेवलं होतं. गुण थोडेच वाढले होते.

हे सगळं त्या मुलीला तिथं सलग राहता आलं म्हणून झालं. बहुतेक कॉलेजांत हॉस्पिस म्हणजे 'व्हिजिट'. सकाळी बस निघते, दहाला पोचते, एक तास माहिती, मग वॉर्डातून रांगेनं फेरी, केळी आणि बिस्किटवाटप, गेटपाशी ग्रुप फोटो, परतताना बसमध्ये अंताक्षरी. दुसऱ्या दिवशी व्हिजिट रिपोर्ट, एकीचा पाहून पन्नासजणी लिहितात. अशा बसेस मीही नेल्या आहेत, तेव्हा दुसऱ्या कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. एकदा एक आजोबा फेरी पाहून म्हणाले होते, "आज कुठली शाळा?" भारतीय परिचर्या परिषदेनं 2021 सालच्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात पॅलिएटिव्ह केअरचं मॉड्यूल अनिवार्य केलं, ही मोठी गोष्ट आहे, ते तास कागदावर आले. ते तास बसमध्ये जाणार की खाटेपाशी, हे आता आपल्या प्राचार्यांनी ठरवायचं आहे, आणि त्यातले काही आज समोर बसले आहेत.

विद्यार्थिनींना सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, असं विचारलं तर उत्तर एकच येतं: पेशंटनं विचारलं, 'मी बरा होईन ना?' तर काय सांगायचं. वर्गात आम्ही हे जोडीजोडीनं करून पाहतो. सुरुवातीची उत्तरं ठरलेली. 'काही होणार नाही तुम्हाला.' 'असं अभद्र बोलू नये.' 'डॉक्टर राउंडला आले की विचारा.' 'देवाचं नाव घ्या.' चारही उत्तरांचा अर्थ एकच, मी निघाले. 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणणाऱ्या घरांत वाढलेल्या मुली, त्यांचा काय दोष? हॉस्पिसमध्ये शिकवतात की उलट विचार: "आज असं का वाटलं, काका?" आणि मग गप्प राहा. ते गप्प राहणं शिकवायला सर्वांत अवघड. दहा सेकंदांत मुली चादर सारखी करायला लागतात. बऱ्याचदा काकांना सगळं ठाऊक असतं. मुलगा बाहेर गाठून सांगतो, "सिस्टर, बाबांना कळू देऊ नका," आणि बाबा आत सांगतात, "सिस्टर, पोराला सांगू नका, खचेल." दोघंही एकमेकांसमोर क्रिकेटबद्दल बोलत असतात.

आणि खाणं. मराठी घरात माणूस उपाशी जाणं म्हणजे कलंक. त्यामुळे गिळता येत नसलेल्या आईच्या तोंडात लेक चमच्यानं दूध घालत राहते, ते श्वासनलिकेत जातं, आई गुदमरते, लेक रडत पुन्हा चमचा भरते. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिच्या हातातून चमचा काढून घेऊन चालत नाही. त्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, ओलं गॉज, ओठांना लावायला थोडं तूप. मग ती तेच करत बसते, तासन्‌तास.

नर्सच्या हातांबद्दल बोलताना एक नाव टाळता येत नाही. अरुणा शानभाग. 1973 साली मुंबईच्या केईएममध्ये नर्स असताना त्यांच्यावर जो हल्ला झाला त्यानंतर 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. ज्या मुलींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनी नोकरीला लागून त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. इच्छामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा 2011 साली न्यायालयानं म्हटलं की अरुणाबाईंच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आपल्या व्यवसायाला एवढा मान दुसऱ्या कुठल्या निकालानं दिलेला मला माहीत नाही. त्या निकालाच्या दिवशी मी वर्गात होते. अर्धा वर्ग म्हणाला बरोबर झालं. एक मुलगा, तो वर्गात एकटाच 'ब्रदर' होता, म्हणाला, "मॅडम, सांभाळायला आपल्याला येतं. जाऊ द्यायला येतं का?" मी त्याला खाली बसायला सांगितलं, तास संपत आला होता म्हणून. आजही तो प्रश्न माझ्यापाशी तसाच आहे. 2018 साली न्यायालयानं माणसाला आपल्या शेवटाबद्दल आधीच लिहून ठेवायचा हक्क दिला, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर काम होतं. मी माझं लिहून ठेवलं आहे. लेकानं अजून वाचलेलं नाही, कपाटात आहे एवढं त्याला माहीत आहे.

शेवटी मेट्रनबाई.

निवृत्तीनंतर त्या भाचीकडे राहायच्या. पोटाचा कॅन्सर, उशिरा कळला. हॉस्पिटलात जायचं नाही असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यात भाचीनं मला बोलावलं. मी तेव्हा 35 वर्षं नोकरी झालेली, ट्यूटर म्हणून केस पांढरे केलेली बाई. तरी त्यांच्या खोलीत शिरताना पदर सारखा केला. त्यांचे डोळे मिटलेले होते, तोंड उघडं, ओठांवर साल धरलेली. भाचीला विचारून वाटीत पाणी घेतलं, गॉज बोटाला गुंडाळलं आणि माउथ केअर करायला घेतलं. आधी ओठ, मग हिरड्या, मग जीभ.

त्यांनी डोळे उघडले. ओळखलं की नाही, कळेना. आवाज अगदी बारीक झाला होता.

"गॉज फार ओला आहे. ठसका लागेल मला."

"सॉरी मॅडम."

"पिळून घे." मग जरा थांबून, श्वास घेऊन, "आणि उभी काय राहिलीस?"

मी गॉज पिळून घेतला आणि पलंगाखालचं स्टूल पायानं ओढलं.